पिट्सबर्गात काय ठेवलंय?

माझ्या बहिणीचा नवरा डेल्बर्ट मिनिक याला अमेरिकेतलं एकही शहर आवडत नाही. एकही म्हणजे एकही. तुम्ही नाव घ्यायचा अवकाश, हा नाक मुरडायला तयार. लास व्हेगास? "म्हाताऱ्या बायका मशिनींसमोर बसून बटणं दाबतात. आपल्या चर्चच्या तळघरात बिंगो चालतो, तो काय वाईट आहे?" ऑरलँडो? "उंदराच्या कानांच्या टोप्या घातलेले मोठेमोठे बाप्ये, आणि उकाडा." डेन्व्हर? "डोंगर लांबून दिसतात. लांबून तर चंद्रही दिसतो." ओमाहाचं नाव काढलं तर तो बोलतही नाही, माशी उडवल्यासारखा नुसता हात झटकतो.

बरं, आपलं फोर्ट वेन तरी आवडावं की नाही? इथे जन्मला, इथेच मरणार. तर म्हणे, "फोर्ट वेन कंटाळवाणंच आहे, पण ते तसं कबूल करतं. बाकीची शहरं सोंग करतात."

हे सगळं ऐकवायला माणसाला जागा लागते, आणि ती जागा दुर्दैवानं माझी आहे. माझं नाश्त्याचं हॉटेल आहे, आणि त्यात खिडकीजवळ एक गोल टेबल आहे. त्या टेबलावर रोज सकाळी तीन रिकामटेकडे येऊन बसतात. एक आमचा डेल्बर्ट. दुसरा व्हर्नन, जन्मभर विमा विकला, त्यामुळे समोरचा कंटाळला तरी थांबायचं नसतं हे त्याच्या अंगात मुरलेलं. तिसरा लोवेल, न्हावी होता, आता हात थरथरतात म्हणून दुकान बंद केलं. एका कॉफीवर तिघं अर्धा दिवस काढतात. कप रिकामा झाला की वर धरतात आणि मी भरते. पुन्हापुन्हा फुकट भरून द्यायची आमच्याकडे रीत आहे. ही रीत ज्यानं काढली तो मला एकदा भेटायला हवा.

या टेबलाला विषय दोनच, हवा आणि शहरं. हवेवर फार वाद घालता येत नाही, ती खिडकीतून दिसते. म्हणून शहरं. कुठलं मजेचं, कुठलं कंटाळवाणं, कुठे माणसानं जावं आणि कुठे गेलं तर डोकं फिरेल. तिघांपैकी एकानंही गेल्या कित्येक वर्षांत जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

एकदा व्हर्नन म्हणाला की अटलांटा हे फार मजेचं शहर आहे. डेल्बर्टनं डोळे बारीक केले.

"कधी गेला होतास?"

"मुलीकडे फ्लोरिडाला जाताना. मध्ये विमान बदललं."

"म्हणजे विमानतळावर होतास."

"मग? तो अटलांटाचाच विमानतळ होता ना?"

"विमानतळ धरत नाहीत," डेल्बर्ट म्हणाला.

"गाडीतून गावातनं गेलं तर?" लोवेलनं विचारलं.

"तेही धरत नाहीत. खिडकीतून बघणं म्हणजे जाणं नव्हे."

"मग धरतात तरी काय?"

डेल्बर्टनं सावकाश घोट घेतला, न्यायाधीश निकाल सांगण्याआधी घेतो तसा. "त्या गावात खुर्चीवर बसून, ताटात वाढलेलं एक जेवण जेवलं पाहिजे. तर तू त्या गावाला गेलास. नाहीतर त्या गावाबद्दल तोंड उघडायचं नाही."

झालं, तो कायदा झाला. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या इंडियाना राज्यात माणसं यावरून एकमेकांशी बोलणं टाकतात. आपण किती राज्यांत गेलो, त्यातली किती खरी धरायची, यावर सख्खे भाऊ भांडलेले मी पाहिलेत. व्हर्ननचं त्या दिवशी अटलांटा गेलं, मिनीॲपोलिस गेलं. लोवेलकडे शिकागो आणि सैन्यात होता तेव्हाची दोन गावं तेवढी उरली. आणि डेल्बर्ट राहिला एकटा राजा, कारण डेल्बर्ट सगळीकडे गेला होता.

गेला होता तो असा. आमच्या गावात घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांचं मोठं काम चालायचं. डेल्बर्ट लग्नानंतर लगेच एका कंपनीच्या ट्रकवर लागला आणि पाठ मोडेपर्यंत तिथेच राहिला. कुणाची बदली झाली, कुणाचा घटस्फोट झाला, कुणाची आई वारली, की यांचा ट्रक दारात. पलंग, कपाटं, पियानो, शिवणयंत्रं, एका बाईचं तर सगळं अंगण कुंड्यांसकट. देशाच्या या टोकाचं उचलायचं आणि त्या टोकाला टाकायचं. एका खेपेला निघाला की दोन-दोन, तीन-तीन आठवडे घरी नाही.

आणि शहराची मजा त्याच्या लेखी कशावर ठरायची माहितीये? जिन्यावर. बॉस्टन वाईट, कारण तिसऱ्या मजल्यावर वळणाचा जिना. सॅन फ्रान्सिस्को त्याहून वाईट, कारण जिना रस्त्यावरच सुरू होतो. डॅलस बरं, बैठी घरं, पण उन्हात सोफ्याचं चामडं तापून हाताला चिकटतं. हा माणूस आयुष्यभर शहरांच्या मागच्या दारानं आत गेला आणि मागच्या दारानं बाहेर आला, आणि वर आम्हाला पुढच्या दाराच्या गोष्टी सांगायचा.

माझी थोरली बहीण रोझली या सगळ्या काळात घरी. लग्नाचे पोशाख दुरुस्त करायची. कुणाची कंबर आत घ्यायची, कुणाच्या झालरी उसवायच्या, रडणाऱ्या नवरीमुलीला पाणी द्यायचं, आणि तिच्या आईला दुसऱ्या खोलीत बसवून ठेवायचं. मुलगा वाढवला. तो आता अलास्कात मासेमारी करतो आणि नाताळला फोन करतो. आणि नवरा खेपेला निघाला की त्याचा डबा बांधायचा. साधासुधा नाही. निळी बर्फाची पेटी होती, छोट्या शवपेटीएवढी, तीत जाताना-येतानाचं सगळं भरून द्यायची. डेल्बर्टला बाहेरचं चालत नसे. पोट बिघडतं म्हणायचा. मी म्हणते, चिक्कूपणा बिघडवत असेल.

एकदा एक नवरीमुलगी पिट्सबर्गची होती. रोझली खाली बसून तिच्या घेराला टाचण्या लावत होती आणि ती पोरगी वरून सांगत होती. पश्चिमेकडून पिट्सबर्गला गेलं की आधी डोंगर येतो. डोंगरात बोगदा. बोगद्यात काहीच दिसत नाही, नुसते दिवे आणि फरशा. आणि बोगदा संपला की शहर हळूहळू येत नाही, एकदम येतं. पूल, नद्या, उंच इमारती, सगळं एका क्षणात समोर. मी लहानपणी दर वेळी किंचाळायचे, असं ती पोरगी म्हणाली.

रोझलीच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ती काही बोलली नाही. पण ते तिच्या मनात बसलं ते बसलंच. न्यूयॉर्क नको, कॅलिफोर्निया नको, तिला तो बोगदा बघायचा होता. किती लांब? आमच्यापासून गाडीनं पाच-सहा तास. लोक पाच तास गाडी हाकून सोफा बघायला जातात.

डेल्बर्टला विचारलं की त्याचं ठरलेलं. "पिट्सबर्गात काय ठेवलंय? तीन नद्या आहेत. इथेही तीन नद्या आहेत. पुलावर जाऊन बघ." तो घरी आला की त्याला बूट काढून बसायचं असायचं, हे मी समजू शकते. पण निवृत्त झाल्यावर काय झालं? निवृत्त झाल्यावर तो माझ्या खिडकीजवळ बसला.

आणि मग रोझलीचे डोळे. मी सकाळची अंडी फोडत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बर्नी, मला सुईत दोरा घालता येत नाही." मी म्हटलं, कुणाला येतो आपल्या वयात. ती म्हणाली, "तसं नाही. मला तुझे कान दिसतात, नाक दिसत नाही." डॉक्टरनं सांगितलं होतं, नजरेच्या मधोमध डाग पडतो आहे, तो वाढत जाणार. कडा राहतील, मधलं जाईल. वाचणं वर्षभरात जाईल, माणसांचे चेहरे त्याच्यामागून.

मी म्हटलं, "माझ्या नाकात बघण्यासारखं तसंही काही नाही." दोघी हसलो. मग मी लोणी आणायला शीतखोलीत गेले आणि तिथे लोण्याच्या खोक्यांमध्ये उभी राहून रडले. ती माझी एकुलती एक बहीण आहे.

डेल्बर्ट काय म्हणाला? "चष्म्याचा नंबर बदलून घे."

तर त्या गुरुवारची गोष्ट. सकाळच्या टीव्हीवर एक पांढऱ्याशुभ्र दातांची बाई देशातली सर्वांत कंटाळवाणी शहरं सांगत होती, आणि तिनं आमचं नाव घेतलं. फोर्ट वेन, असं म्हणाली आणि शेजारच्या पुरुषाकडे बघून हसली. गोल टेबल पेटलं.

"आपल्याकडे बेसबॉलचं मैदान आहे," व्हर्नन म्हणाला. "प्राणिसंग्रहालय आहे."

"टोलीडोचं नाव घेतलं का तिनं?" लोवेल म्हणाला. "टोलीडोला सोडून आपल्याला धरलं असेल तर हा अन्याय आहे."

"टोलीडोत निदान तळं आहे."

"तळं नाही, सरोवर. आणि ते टोलीडोचं नाही, ते तिथनं नुसतं सुरू होतं."

"तुम्ही दोघं गप्प बसा," डेल्बर्ट म्हणाला. "तुम्ही गेलायत कुठे? मी गेलोय. सगळी शहरं सारखीच. सिएटल म्हणजे ओलं फोर्ट वेन. फिनिक्स म्हणजे भाजलेलं फोर्ट वेन. न्यूयॉर्क म्हणजे एकावर एक रचलेली शंभर फोर्ट वेन, आणि गाडी लावायला जागा नाही. या बाईला सांगा, माझ्याशी बोल म्हणावं."

रोझली त्या वेळी काउंटरपाशी बसली होती. गाडी चालवणं तिनं सोडलं होतं, पण माझ्याकडे चालत यायची. टोस्ट पुढ्यात होता, खाल्ला नव्हता. ती स्टुलावरच वळली.

"डेल्बर्ट," ती म्हणाली, "मला शनिवारी पिट्सबर्गला घेऊन चल."

डेल्बर्टनं मित्रांकडे बघितलं. बायकोनं चारचौघांत काही मागितलं की पुरुष मित्रांकडे बघतात, का ते देव जाणे. "पिट्सबर्ग," तो म्हणाला. "ऐकलंत? लोक हवाई बेटांवर जातात, माझ्या बायकोला पिट्सबर्ग हवंय. तिथे काय ठेवलंय? मी कितीदा गेलोय, मला विचार. काजळी आणि चढ. माणूस मजेला पिट्सबर्गला जात नाही, शिक्षा झाली तर जातो."

व्हर्नन हसला. लोवेलही हसला, पण त्यानं लगेच कप तोंडाला लावला, तेवढी लाज त्याला आहे.

"कितीदा गेलास," रोझली म्हणाली. "मग तिथे जेवलास काय?"

"कोणाला आठवतंय. जेवलो असेन काहीतरी."

"मला आठवतंय. हॅमचं सँडविच, मोहरीची पिवळी चटणी लावलेलं. टोमॅटो वेगळा बांधलेला, कारण पाव ओला झाला की तू टाकून देतोस. दोन उकडलेली अंडी, काकडीचं लोणचं. ओमाहालाही तेच. बॉस्टनलाही तेच. सिएटलच्या खेपेला पेटी रिकामी झाली तर तू पेट्रोल पंपावरचे शेंगदाणे खाल्लेस, आणि घरी येऊन पोट दुखतंय म्हणून माझ्यावर ओरडलास. दर वेळी मीच बांधून देत होते, डेल्बर्ट. पेटी परत आली की मीच धूत होते."

मग व्हर्नननं कप खाली ठेवला. इतका आनंदी माणूस मी फक्त लग्नात बघितलाय.

"डेल्बर्ट," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "ही सँडविचं तू कुठे बसून खायचास?"

"कुठे म्हणजे? ट्रकमध्ये."

"ट्रकमध्ये खुर्ची असते?"

"सीट असते. सीट म्हणजे खुर्चीच."

"सीट म्हणजे खुर्ची नव्हे," लोवेल म्हणाला. या माणसानं जन्मभर लोकांना खुर्चीत बसवलंय, खुर्चीच्या बाबतीत त्याच्याशी कोण बोलणार. "खुर्चीला पाय असतात."

"तुझ्या दुकानातल्या खुर्चीला एकच पाय होता."

"हो, पण ती गाव सोडून जात नव्हती."

"आणि ताट?" व्हर्नन म्हणाला. "ताट होतं का?"

डेल्बर्ट कपात साखर ढवळायला लागला.

"बॉस्टन गेलं," व्हर्नन म्हणाला आणि टेबलावर टिचकी मारली. "सिएटल गेलं. ओमाहा गेलं. डॅलस?"

"गेलं," रोझली म्हणाली.

"फिनिक्स गेलं. न्यूयॉर्क, माय गॉड, न्यूयॉर्क गेलं."

"थांबा," डेल्बर्ट म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "अमरिलो. अमरिलोत मी ताटात जेवलोय. मटार होते, मला चांगलं आठवतंय."

"अमरिलोत तू हॉस्पिटलात होतास," रोझली म्हणाली. "पाठ धरली होती."

"मग काय झालं? ताट होतं."

"खाटेवर होतास ना?" लोवेलनं मान हलवली. "खाट धरत नाहीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. व्हर्ननकडे निदान दोन-चार शहरं होती, डेल्बर्टकडे फोर्ट वेन सोडून काही उरलं नाही. मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण रोझली हसत नव्हती. ती स्टुलावरून उतरली, टेबलापाशी आली, आणि तिनं मान थोडी तिरकी केली. नवऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून हल्ली ती तसं करायची.

"मला तुझी फजिती करायची नव्हती," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी बोलले नाही, पुढेही बोलले नसते. तू दमून यायचास हे मला दिसत होतं. पण तू मला जन्मभर सांगत आलास की बाहेर काही नाही, आणि मी घरात बसले. आता डॉक्टर म्हणतो की मधलं जाणार. मी शनिवारी जाते आहे. तू नाही आलास तरी जाते आहे. बर्नी, गाडी चालवशील?"

"चालवीन," मी म्हटलं.

"शनिवारी हॉटेल बंद?" व्हर्नन म्हणाला. "मग आम्ही कुठे बसायचं?"

"चर्चमध्ये," मी म्हटलं. "तिघांनाही गरज आहे."

डेल्बर्ट उठला, टोपी घातली, आणि कॉफी अर्धी टाकून बाहेर गेला. शुक्रवारी आला नाही. मला वाटलं, घरीही रुसून बसला असेल, आणि होताच. रोझली म्हणाली, गॅरेजमध्ये बसतो आणि रेडिओ ऐकतो.

शनिवारी पहाटे मी गाडी घेऊन दारात गेले तर बाईसाहेब तयार, आणि गाडीचं मागचं दार उघडून आमचे मेहुणेबुवाही आत. जाकीट घातलेलं, हाताची घडी. "बर्नीला लेन बदलता येत नाही," तो म्हणाला. "म्हणून येतोय." कुणी त्याला काही विचारलं नव्हतं.

ओहायो लागल्यावर त्याची जीभ सुटली. लिमा आलं. "लिमा. काही नाही." मॅन्सफिल्डची पाटी आली. "मॅन्सफिल्ड. काही नाही." मी म्हटलं, आणखी एका गावाचं नाव काढलंस तर त्याच गावात उतरवीन, मग खा तिथे खुर्चीत बसून. मग मागून आवाज आला, "रोझ, पेटी कुठे आहे?"

"आणली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे डबा बांधला नाही. तिथे जेवू."

त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचं पोट मात्र बोलत होतं, ते मला पुढच्या सीटवर ऐकू येत होतं.

दुपारी डोंगर दिसले, मग बोगद्याचं तोंड. रोझलीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. आत दिवे, फरशा, पुढच्या गाड्यांचे लाल डोळे. मग उजेड आला आणि पुढचं मला सांगता येणार नाही, कारण बोगद्यातून निघताक्षणी तुम्ही थेट पुलावर असता, डोक्यावर पिवळं लोखंड, चार बाजूंना चार पाट्या, आणि कुठल्या लेनला जायचं ते ठरवायला श्वास घेण्याइतकाही वेळ नाही. मी चुकीच्या लेनला गेले. मागून भोंगे वाजले. डेल्बर्ट ओरडला, मी त्याच्यावर ओरडले.

"परत," रोझली म्हणाली.

"काय परत?"

"परत बोगद्यातून ने, बर्नी. मला डावीकडची नदी दिसली. मध्ये काही नव्हतं." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "जिथे बघते तिथेच भोक आहे. थोडं आधी यायला हवं होतं."

मला डेल्बर्टचा इतका राग आला की गाडी थांबवून त्याला नदीत ढकलावं असं वाटलं. पण तो मागून म्हणाला, "थांब कडेला. उतर. तू चालवलीस तर आपण मरू, आणि तिला काही दिसायचं नाही."

मी मागे बसले. तो चाकावर बसला, आरसे सारखे केले, आणि एक गोष्ट मान्य करायला हवी, तो माणूस चाकावर बसला की वेगळाच माणूस होतो. त्यानं ती गाडी पुलावरून, बोगद्यातून, पलीकडच्या वळणावरून अशी फिरवून आणली की मला कळलंही नाही. बोगद्याच्या शेवटाला त्यानं वेग इतका कमी केला की मागे गाड्या कोकलायला लागल्या. एरवी कुणी भोंगा वाजवला तर हा उतरून भांडतो.

"रोझ, तोंड उजवीकडे कर," तो म्हणाला. "येतंय. आता."

ती उजवीकडे वळली, म्हणजे मधलं तिच्या डोळ्यांच्या कडेला आलं. तो पुन्हा वळून आला. "आता खाली बघ, म्हणजे वरचे मजले येतील." पुन्हा. "आता डावीकडे, पूल आहेत." तो पूल दुमजली आहे, खालच्या मजल्यानं जायचं, वरच्यानं यायचं. रोझली ते शहर पोशाख शिवल्यासारखं जोडत होती, आधी बाही, मग पाठ, मग पुढचा भाग. शेवटच्या फेरीला ती एकदम ओरडली, लहान पोरीसारखी. नवऱ्यानं दचकून ब्रेक दाबला असता तर आम्ही तिथेच गेलो असतो, पण तो दचकला नाही.

मग त्यानं नदीच्या पलीकडे एका झाडाखाली गाडी उभी केली. हात चाकावरच होते.

"आलं," रोझली म्हणाली. "सगळं आलं." ती रडत होती आणि नाक पुसत होती. "तू पाहिलंस?"

"मी रस्ता बघत होतो."

"सगळ्या वेळा?"

"चालवणाऱ्यानं रस्ताच बघायचा असतो, रोझ," तो म्हणाला. "मी कुठलंच गाव बघितलेलं नाही. पुढच्या गाडीचा मागचा भाग बघितलाय, आणि लोकांचे जिने. वाईट आहे म्हटलं की मग तिथे राहावंसं वाटत नाही, आणि माणूस लवकर घरी येतो. नाहीतर ती नोकरी कशी केली असती?"

हे त्यानं तिला आधी सांगायला हवं होतं. तरुणपणी सांगायला हवं होतं. मला त्याची कीव आली, आणि राग होता तो होताच.

रोझलीनं त्याचा हात चाकावरून काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "मग ऐक," ती म्हणाली, आणि ज्या बाईला नवऱ्याचं नाक दिसत नाही ती त्याला शहर सांगायला लागली. दोन नद्या दोन बाजूंनी येतात आणि एका टोकावर मिळतात, तिसरी तिथून निघते. टोकावर कारंजं आहे. पूल पिवळे आहेत, सगळे, मोहरीच्या चटणीसारखे. काचेची एक इमारत किल्ल्यासारखी टोकदार आहे. डोंगराला लाल डबे चढतात, रुळांवरून, दोरानं ओढलेले. तो ऐकत होता. मान खाली घालून, एकही खोड न काढता.

नंतर जेवलो. तिथे सँडविचमध्ये बटाट्याचे तळलेले काप घालतात, शेजारी नाही, आत. डेल्बर्टनं पाव उघडून बघितला, मिटला, आणि सगळं खाल्लं.

सोमवारी सकाळी तिघं पुन्हा गोल टेबलावर. व्हर्नन कधीचा वाट बघत होता. त्यानं डेल्बर्टला नीट बसूही दिलं नाही.

"काय मग? बर्नी म्हणते, खुर्ची होती आणि ताटही होतं. आता तुझं पिट्सबर्ग आम्ही धरतो. बोल, मजेचं की कंटाळवाणं?"

लोवेल पुढे झुकला. मी कॉफीचं भांडं घेऊन उभीच राहिले. डेल्बर्टनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला काय विचारतोस," तो म्हणाला. "मी गाडी चालवत होतो. रोझला विचार, तिनं बघितलंय."